फिरून आलेलं काय टेबलावर आणायचं आणि काय वहीतच ठेवायचं

निपाणीच्या एका गेम मास्टरनं, म्हणजे फासे टाकून गोष्ट रचत खेळायच्या खेळात जग मांडणाऱ्यानं, विचारलंय: "आम्ही पाच मित्र रविवारी जमून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. सुट्टीत मी हंपी-बदामी करून आलो, तिथलं सगळं लिहून आणलं आणि कॅम्पेनमध्ये, म्हणजे आमच्या रविवार-रविवार पुढं चाललेल्या गोष्टीत, तसंच एक उजाड शहर घातलं. पण मी वर्णन वाचायला लागलो की पाच मिनिटांत दोघं मोबाइल काढतात. प्रवासातलं गेममध्ये आणायचं म्हणजे नेमकं काय आणायचं? शिवाय आम्हाला वरचेवर लांब जाणं परवडत नाही, त्याला काही उपाय?"

प्रश्न दोन असले तरी अडचण एकच आहे. हंपी-बदामीहून तुम्ही जे आणलंत ते बघण्याजोगं होतं, आणि टेबलावर बसलेल्या माणसाला काहीतरी करायचं असतं. तुम्ही तीन परिच्छेद वाचता तेवढा वेळ त्याचे फासे नुसते पडून असतात, मग हात मोबाइलकडे जाणारच. त्यात त्यांचा दोष नाही आणि तुमच्या लिखाणाचाही नाही. खरं विचारायचं ते हे, की फिरताना पाहिलेल्या गोष्टींतलं काय उचललं तर ते समोर येताच खेळणाऱ्यांना काहीतरी ठरवावं लागेल?

मी बेळगावात बरीच वर्षं गेम चालवते आणि कामानिमित्त खानापूर, हुक्केरी, चिकोडी, रायबाग या बाजूला सतत फिरणं होतं. माझ्या टेबलावरच्या मंडळींना लढाईइतकीच चौकशी, बोलाचाली आणि सौदेबाजी आवडते. तुमच्याकडे सगळ्यांना लढाईच हवी असेल तर खाली लिहिलेल्यातलं निम्मंच उपयोगी पडेल, आणि त्यात काही वाईट नाही. सेशन दोन तासांचं असेल तर एका वेळी प्रवासातली एकच गोष्ट घ्या. पाच जणांतले तिघं नवखे असतील तर तेवढीही सावकाश येऊ द्या. नियमावलीनुसारही फरक पडतो. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये प्रवासाचे, शिध्याचे, भाषांचे नियम असतात, पण बहुतेक जण ते वगळूनच खेळतात, आणि प्रवासाचा अनुभव नेमका तिथंच कामाला येतो.

आता मुद्द्याचं. कुठंही गेले की मी दोन प्रश्न विचारते. हे इथंच का? आणि हे उद्या बंद पडलं तर कुणाचं अडेल? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की जागा गेममध्ये आणता येते. ती मिळाली नाहीत तर फोटो कितीही सुंदर असला तरी मी ती जागा आणत नाही.

तुमचीच बदामी घ्या. लाल वालुकाश्माचे दोन उभे डोंगर आणि मधे अगस्त्य तीर्थाचं तळं. सहाव्या शतकात चालुक्यांनी राजधानीसाठी हीच खिंड का धरली असेल? पावसाचं पाणी कड्यांवरून उतरून मधल्या तळ्यात साठतं आणि दोन्ही माथ्यांवरून त्या पाण्यावर नजर ठेवता येते. एवढं लक्षात आलं की कोरीव गुहांचं वर्णन एका वाक्यात आटपलं तरी चालतं. उत्तरेचा माथा एका टोळीकडे आहे, दक्षिणेचा दुसरीकडे, खाली तळ्याच्या पायरीवर तुमची पार्टी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या पात्रांची टोळी, रिकाम्या पखाली घेऊन उभी आहे आणि वर दोन्हीकडून कुणीतरी बघतंय. आता कुणाची परवानगी मागायची? रात्री चोरून भरायचं म्हटलं तर पाच पखाली भरायला किती वेळ लागेल? इथं मोबाइल कुणी काढत नाही.

हंपीचंही तसंच. तुंगभद्रा ओलांडून आनेगुंदीकडे जायला वेताची गोल होडी वापरतात, ती तुम्ही पाहिली असेल. नदीला पाणी चढलं की ती थांबते. थांबली की काठावर कोण कोण अडकतं, याची यादी तुमच्या शहराच्या कुठल्याही वर्णनापेक्षा मोलाची आहे. व्यापारी, बाळंतीण, लग्नाचं वऱ्हाड, आणि पलीकडच्या पाटलाला निरोप पोचवायला निघालेली तुमची पार्टी. होडीवाला म्हणतो, एकच फेरी मारीन, चार माणसं बसतील. तुमच्या उजाड शहराला मी एवढंच जोडीन: एक नदी, एक होडी आणि काठावर ताटकळलेले लोक. पडक्या महालात काय आहे हे त्या लोकांच्या तोंडून कळू दे.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण त्यात सगळी रीत येते. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं, चोर्ला घाटाच्या वाटेवर कणकुंबी आहे. मलप्रभा तिथं उगम पावते. ती पूर्वेला निघते, सौंदत्तीजवळ धरणात अडते, पुढं कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि ते पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जातं. त्याच तालुक्याच्या डोंगरात म्हादईही उगम पावते. ती पश्चिमेला उतरते, गोव्यात तिची मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. म्हणजे त्या माथ्यावर पडलेला पाऊस कुठल्या उताराला लागला यावर त्याचा समुद्र ठरतो. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांचा वाद लवादापुढं गेला, 2018 साली निवाडा आला, तरी भांडण अजून मिटलेलं नाही.

यातलं मी काय उचललं? धुकं नाही, हिरवीगार झाडी नाही, जळवाही नाहीत. पाणलोटाचा माथा तेवढा उचलला. माझ्या गेममधल्या गावाच्या वर एक ओहोळ होता आणि त्यात दगडांचा एक जुना बांध. बांधाचे मोजके दगड सरकवले की ओहोळ पलीकडच्या उताराला लागायचा. पूर्वेला एक राज्य, पश्चिमेला दुसरं, आणि गाव धड कुणाच्याच गणतीत नाही. पार्टीला काम होतं पूर्वेच्या राजाच्या मोजणीदाराला सुखरूप नेऊन आणायचं. पहिल्याच रात्री गावातल्या एका म्हातारीनं त्यांना सांगितलं की मोजणी झाली की इथं सैन्याची चौकी बसेल, आणि चौकी बसली की आमची गुरं पाण्यावर जायची बंद. बास, एवढंच. राक्षस नव्हता, शापित मुकुट नव्हता.

तेव्हा टेबलावरच्या एका शेतकऱ्याच्या पोरानं विचारलं, "उन्हाळ्यात हा ओहोळ किती उरतो?" याला माझ्याकडं उत्तर होतं, कारण त्या भागात फिरताना मीही हेच विचारलं होतं. ऐन पावसाळ्यात पाणी इतकं, की त्यावरून कुणी भांडत नाही. भांडण असतं ते शिमग्यानंतर उरलेल्या पाण्याचं. मग पार्टीचं ठरलं: मोजणी पावसाळ्यातच उरकून घ्यायची, म्हणजे कागदावर भरपूर पाणी दिसेल आणि राजाला चौकीची गरज वाटणार नाही. मोजणीदाराला पटवायला एक सबंध सेशन गेलं. एकही तलवार उपसली गेली नाही आणि त्या दिवशी सगळे टेबलाला टेकून, पुढं झुकून बसले होते. ही कल्पना मला सुचली नसती. मी पाणी कसं वाहतं तेवढं नीट मांडलं होतं आणि डोकं त्यांनी चालवलं.

म्हणून सांगते, एखादी जागा कशी चालते हे कळून घ्या. दिसते कशी ते फोटोत आहेच.

वर्णन मात्र पूर्ण सोडू नका, आखूड करा. गोकाकला घटप्रभा सुमारे 52 मीटर खाली कोसळते आणि नदीवर जुना झुलता पूल आहे. हे दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक: "समोर प्रचंड धबधबा कोसळतो आहे, तुषार हवेत उडत आहेत, सूर्यकिरणांत इंद्रधनुष्य उमटलं आहे." दुसरी: "पूल हलतोय. पाण्याच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, खुणाच कराव्या लागतील. पलीकडून दोन बायका डोक्यावर सरपणाचे भारे घेऊन निघाल्यात, आणि पूल एका वेळी एकाच माणसाच्या रुंदीचा आहे. काय करता?" दुसऱ्या तऱ्हेत धबधब्याचं रूप फारसं नाही, तरी तो जाणवतो, कारण तो खेळणाऱ्यांच्या कामात आडवा येतोय. मी वर्णनाला दोन-तीन वाक्यं देते आणि शेवटचं वाक्य नेहमी प्रश्नाचं असतं. डोळ्यांना दिसणारं एक, कान-नाक-कातडी यांतलं एक, मग "काय करता?" एवढं पुरतं. त्याच धबधब्याच्या पाण्यावर 19व्या शतकात तिथं सूतगिरणी उभी राहिली, म्हणजे "हे इथंच का" याचं उत्तर त्याच पुलावरून दिसतं. मार्च-एप्रिलमध्ये मात्र खडक उघडे पडतात. पाणी आटलं की जादूची गिरणी बंद, असं एका ओळीत लिहून ठेवलं तरी त्यातून पुढची तीन सेशनं निघतात.

आता प्रवासाबद्दल, म्हणजे एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्याबद्दल. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या नियमांत दिवसाची चाल साधारण 24 मैल धरतात, सावकाश गेलात तर 18 आणि भरभर गेलात तर 30. आठ तासांपुढं चालत राहिलात तर दर तासाला शरीराची कसोटी लागते. 24 मैल म्हणजे 38 किलोमीटरच्या आसपास. बेळगावहून निघून खानापूर ओलांडेपर्यंत हा हिशेब ठीक चालतो. त्यापुढं घाटात आणि पावसात त्याला अर्थ उरत नाही, हे तिकडं गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तिथं वाट विचारली तर मैल कुणी सांगत नाही. चहाच्या टपरीवरचे काका सांगतात, "वाट हाय ओ, खरं पाऊस लागला की तिकडनं येऊ नका. आणि आधी ओढ्याला पाणी किती हाय बघा." या दोन वाक्यांत अंतर कुठंच नाही, पण अटी दोन आहेत. माझ्या नकाशांवर आता मैल कमी आणि अटी जास्त असतात. ही वाट पाऊस नसेल तर अर्धा दिवस, असेल तर बंद. ती वाट लांबची, पण तिच्यावर वस्ती आहे. खेळणारे नकाशावर वाकून वाद घालतात, आणि तो वाद म्हणजेच प्रवास.

वेळेचं बंधन कसं घालायचं याचा उत्तम नमुना आपल्याकडची वस्तीची बस. संध्याकाळी ती शेवटच्या गावात पोचते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे तीच बस शहराकडं निघते. ती चुकली तर दिवस गेला. त्या बसनं दूध जातं, औषध येतं, कॉलेजची पोरं जातात, कोर्टाची तारीख असलेला माणूस जातो. गेममध्ये मी तिची बैलगाड्यांची खेप केली: सूर्य उगवायच्या आत निघते, दिवसात एकदाच. पार्टीला गावात रात्रभरात काय उरकायचंय ते त्यांचं त्यांनीच ठरवायचं. कुठल्याही टाइम बाँबपेक्षा हे बंधन खरं वाटतं, कारण ते कुणा दुष्टानं लावलेलं नाही, तिथलं जगणंच तसं आहे.

शिध्याचा नियम कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळे सोडून देतात. गोकाकचा करदंट आठवा. डिंक, गूळ, सुकामेवा, खोबरं. टिकतो आणि पोटाला आधार देतो. कुठल्या गावचा शिधा किती दिवस टिकतो, एवढा एकच फरक गावागावांत ठेवा. खेळणारे आपण होऊन विचारतील की डोंगर चढायच्या आधी कुठल्या बाजारातून सामान घ्यावं.

लांब जायला परवडत नाही, हा तुमचा दुसरा प्रश्न. तुम्ही निपाणीत राहता, म्हणजे तंबाखूच्या बाजारात. हंगामात वखारींच्या रस्त्यानं जाताना नाकाला काय झोंबतं हे तुम्हाला सांगायला नको. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी याच गावाशी हमरस्ता अडवला होता आणि आंदोलन गोळीबारापर्यंत गेलं होतं. एका पिकानं अख्खं गाव कसं बांधून ठेवलंय हे तुम्ही लहानपणापासून बघत आलाय. आता माझे दोन प्रश्न त्याला लावा. तंबाखू इथंच का? आणि उद्या खरेदी थांबली तर आधी कुणाच्या घरची चूल थंड पडेल: शेतकऱ्याची, हमालाची, बिड्या वळणाऱ्या बाईची की वखारवाल्याची?

बाजारात उभं राहून आणखी एक गोष्ट बघत चला: काटा कुणाच्या हातात आहे. बिड्या वळून आणलेल्या बाईसमोर बसलेला माणूस जुडी उचलतो, बोटांनी चाचपतो आणि काही बिड्या खराब म्हणून बाजूला टाकतो. त्या बाजूला टाकलेल्या बिड्यांचे पैसे तिला मिळत नाहीत. सगळा जुलूम त्या एका हालचालीत आहे, आवाज न चढवता. माझ्या एका कॅम्पेनमधला खलनायक जादूच्या वनस्पती विकत घेणारा दलाल होता आणि त्यानं कधी शस्त्र हातात घेतलं नाही. तो फक्त जुड्या चाचपायचा. खेळणाऱ्यांना त्याचा जितका राग आला तितका कुठल्याही ड्रॅगनचा आला नव्हता. असला माणूस बघायला हंपीला जावं लागत नाही.

आमच्याकडं शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत मागांचा खटखटाट गल्ल्यांतून ऐकू येतो. वीज गेली की तो एकदम थांबतो आणि माणसं दारात येऊन उभी राहतात. ज्या शहरात आवाज थांबणं हीच धोक्याची सूचना आहे, असं शहर मी तिथून उचललं. आठवड्याचा बाजार, बस स्टँड, तहसीलदार कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याचं टेबल, यांतली कुठलीही जागा चालेल. एक तास उभं राहा आणि कोण कुणाला थांबवतं, कोण कुणाची वाट बघतं तेवढं बघा.

जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरलात तरी खूप मिळतं. पश्चिमेला खानापूरच्या जंगलात जो पाऊस पडतो त्याच्या मानानं अथणीकडं अगदीच थोडा पडतो. घरांची छपरं बघत जा. पश्चिमेला उतरती कौलं, पूर्वेला सरकत गेलात की सपाट धाब्याची मातीची घरं. छप्पर बघून हवा ओळखता येते, आणि हे तुमच्या पार्टीतल्या वाटाड्यालाही यायला हवं. "पुढच्या गावची घरं सपाट छपरांची आहेत," एवढं सांगितलं की पाणी भरून घ्यायचं हे खेळणाऱ्यांना कळलं पाहिजे. पहिल्यांदा तुम्ही सांगाल, तिसऱ्यांदा ते स्वतः विचारतील.

डंजन, म्हणजे पात्रांनी आत शिरून शोधायचं भुयार किंवा पडका किल्ला, आखताना मला बेळगावचा किल्ला उपयोगी पडतो. एकाच खंदकाच्या आत 1204 साली रट्ट राजांच्या मंत्र्यानं बांधलेली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आहे, छतातून उलटं उमललेलं दगडी कमळ असलेली. 1519 ची साफा मशीद आहे. विवेकानंद 1892 मध्ये बेळगावला आले होते, त्यांच्या नावाचा आश्रम आहे. लष्कर आहे. विजयनगर, बहामनी, आदिलशाही, मराठे असे धनी बदलत गेले आणि 1818 मध्ये इंग्रजांनी वेढा घालून तो घेतला. म्हणून माझ्या कुठल्याही डंजनला निदान तीन मालक असतात: बांधणारा, जिंकणारा आणि आज राहणारा. प्रत्येकानं एक दार बुजवलेलं असतं आणि एक नवं फोडलेलं असतं. कुणी काय राखलं, कुणी काय हलवलं, कुणी कशाचं कोठार केलं हे ठरवलं की सापळे कुठं असतील ते आपोआप सुचतं. एका माणसानं एका दिवसात आखल्यासारखं भुयार कुठंच नसतं.

सीमेवर राहणाऱ्या आपल्या लोकांकडं एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी बाहेरच्या गेम मास्टरला पुस्तकं चाळावी लागतील: भाषा. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये 'कॉमन' नावाची भाषा जवळजवळ सगळ्यांना येते, म्हणून भाषेचा प्रश्नच उठत नाही. आपल्याकडं एकच दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठी, हमालाशी कन्नड, तिसऱ्याशी हिंदी आणि गोव्याहून आलेल्या माणसाशी कोकणी बोलतो आणि मधे श्वासही घेत नाही. शिवाय बोलणं आणि वाचणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपण घराघरांत बघतो. कन्नड फाडफाड बोलणारी आजी पाटी वाचू शकत नाही. घरी मराठी बोलणारा आणि कन्नड शाळेत शिकलेला मुलगा घरची जुनी पत्रं वाचू शकत नाही. माझ्या टेबलावर कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, दोन रकाने असतात: बोलता येतं आणि वाचता येतं. सौदा, भांडण, धर्मशाळेतली खोली यांना कॉमन चालते. सरकारी कागद राजभाषेत असतो. आणि घरची गोष्ट माणूस घरच्या भाषेतच सांगतो, त्याला त्याच भाषेत हाक मारलीत तर पहिल्या प्रश्नाला फासा टाकावा लागत नाही. एवढ्या एका बदलानं पार्टीतला सगळ्यात दुबळा लढवय्या अचानक गरजेचा झाला, कारण जमिनीचा कागद वाचता येणारा तो एकटाच होता.

हीच जागा नाजूकही आहे. माझ्या टेबलावर मराठी घरातली माणसं आहेत आणि कन्नड घरातलीही. आमच्या गेममध्ये सीमा असते, चौक्या असतात, दोन दरबारांमधे सापडलेलं गाव असतं. पण आजच्या वादातली एक बाजू सरळ उचलून तिला खलनायकाचा पोशाख मी घालत नाही. रविवारच्या चार तासांत एखाद्या मित्राला स्वतःच्या घराची बाजू मांडत बसावं लागलं तर गेम तिथंच संपला. सीमेवरच्या माणसाची ओढाताण दोन्ही घरांतल्या खेळाडूंना सारखीच कळते, तेवढी पुरते.

देवाधर्माबद्दलही तेच. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूर-बेळगावकडचे भाविक लोटतात. जोगुळभावीला आंघोळ, भंडारा, परड्या, चौंडक्याचा ताल, "उदं ग आई उदं". यातून मी काय घेते? हजारो माणसं काही दिवसांपुरती एका डोंगरावर गाव वसवतात, त्यांचं पाणी, सरपण, हरवलेली पोरं, एकमेकांना राखलेल्या जागा. माझ्या एका सबंध सेशनमध्ये पार्टी जत्रेत हरवलेलं एक मूल शोधत होती. काय घेत नाही? देवी. तिला राक्षसीण किंवा बक्षीस देणारी बाहुली करणं मला पटत नाही. आणि देवाला मुली सोडण्याची प्रथा, जी कर्नाटकात 1982 च्या कायद्यानं गुन्हा ठरली, ती रंगत आणायला वापरायची नसते. ज्यांनी ती भोगली त्या बायका आजही आपल्या आसपास आहेत. तसंच गवळी-धनगर वाड्यावर कुणी ताक पाजलं म्हणून पुढच्या रविवारी त्या माणसाच्या बोलण्याची नक्कल करून टेबलाला हसवायचं नाही. त्याच्याकडून जंगलाची जाण घ्या, वाटा घ्या, आणि गेममधला तसा माणूस टेबलावरच्या सगळ्यांपेक्षा शहाणा ठेवा, कारण त्या जंगलात तो तसा असतोच.

कधी कधी न जाणंही कामाला येतं. खानापूरच्या भीमगड अभयारण्यात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. राऊटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ ही दुर्मीळ जात कितीतरी वर्षं जगात फक्त तिथंच माहीत होती. तिथं कुणी उठून जायचं नसतं, वटवाघळांना त्रास होतो. मी गेले नाही आणि जाणारही नाही. पण जिच्या आत जाणंच चुकीचं आहे अशी गुहा, आणि तिच्या आत दडलेला चोर, हा पेच मला तिथून मिळाला. पार्टीला मशाल पेटवायची नाही, ओरडायचं नाही, मंत्राचा स्फोट करायचा नाही. लढाईची आवड असलेल्या तुमच्या मित्रांनाही हे आवडेल, कारण लढाई आहेच, फक्त हात बांधून.

एक व्यवहारातली अडचण. खेळणारे आपल्याच भागातले असले की जागा ओळखतात. "अरे हे तर गोकाक!" असं कुणी म्हणालं की ते शोधायचं थांबवून आठवायला लागतात, आणि मग मिलच्या गेटसमोर कुठली भजी चांगली मिळतात यावर अर्धा तास जातो. म्हणून कारण तसंच ठेवा आणि बाकीचं बदला. पाणी पडतं म्हणून गिरणी, हे कारण. नदीऐवजी वाळवंटातला वारा ठेवा, पुलाऐवजी दोरांची शिडी, सुताऐवजी काच. निपाणीची तंबाखू समुद्राकाठची शेवाळ होऊ दे. ओळख पुसली जाते आणि ताण तसाच राहतो.

नोंदींचं म्हणाल तर मी छोटी वही ठेवते आणि त्याच रात्री लिहिते, दुसऱ्या दिवशी लिहिलं की सगळं सुंदर वाटायला लागतं. काय बंद होतं, कशाला किती पैसे पडले, कुणी कुठं जाऊ नका म्हणून सांगितलं, कशासाठी थांबावं लागलं, कुणाच्या हातात काटा होता. माणसांची नावं लिहीत नाही. सेशनच्या आधी वहीतली एकच नोंद निवडते, एका कोऱ्या कागदावर तिचं कारण वर लिहिते, खाली अडणाऱ्या तीन माणसांची कामं लिहिते, आणि पार्टी त्या तिघांपैकी पहिल्यांदा कुणाला भेटते तेवढं ठरवते. पुढचं फासे आणि पोरं ठरवतात. तुमच्या गावी येत्या बाजाराच्या दिवशी वखारींकडं एक चक्कर मारा, तंबाखूच्या काट्यापाशी थोडा वेळ उभे राहा, आणि त्या कागदावर तिघांची कामं लिहिता आली तर पुढच्या रविवारची तयारी झाली असं समजा.